नथीला कप्पा नव्हता

रविवार, २ फेब्रुवारी. काम : घरातल्या सगळ्या दागिन्यांचे फोटो काढणे. वेळ सकाळी नऊ ते अकरा, कारण दिघीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत चांगला उजेड तेवढाच वेळ असतो. अकरानंतर समोरच्या बिल्डिंगच्या काचांवरून ऊन उलटं येतं आणि जे ठेवाल ते पिवळं दिसतं.

काम मुलीनं लावलं होतं. ती हिंजवडीत नोकरी करते, तिकडेच दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येऊन मला सुधारते. मागच्या खेपेला तिनं माझ्या फोनमध्ये कपाटाचं ॲप टाकलं. साड्या, ड्रेस, दागिने, चपला, सगळ्यांचे फोटो त्यात भरायचे आणि मग कशावर काय शोभतं ते फोनवरच लावून बघायचं. मी म्हटलं, माझ्या कपाटात काय आहे ते मला पाठ आहे, फोनला कशाला शिकवू? ती म्हणाली, आणि लॉकरमध्ये काय आहे ते? मग मी ॲप राहू दिलं. दिवाळीत मी बँकेतून ठुशी समजून बोरमाळेची डबी घेऊन आले होते. दोन्ही डब्या लाल, दोन्हींवर एकाच सोनाराचा छाप. पुन्हा बँकेत जाऊन सही करून, लॉकरच्या ताईंना किल्ली घेऊन उठवायची मला लाज वाटली आणि मी ती दिवाळी बोरमाळेवरच काढली.

शिवाय एप्रिलच्या शेवटी मोठ्या दिरांच्या मुलाचं लग्न होतं, राजगुरुनगरला. हा पुतण्या आयटीआय करताना आणि नंतर शिकाऊ उमेदवारीत मिळून चार वर्षं आमच्याकडे राहिलेला. त्याचा डबा मी भरलेला, त्याचे तेलकट कपडे मी धुतलेले. त्याच्या लग्नात मला नीट नटून उभं राहायचं होतं. म्हणून शनिवारी बँकेत जाऊन लॉकर पूर्ण रिकामा केला आणि सगळं एका कापडी पिशवीत घालून, ती पिशवी भाजीच्या पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून घरी आणलं.

चूक एवढीच केली की त्याच संध्याकाळी आक्कांचा फोन आला तेव्हा बोलता बोलता हे सांगून टाकलं. आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, नवरदेवाची आई.

तर फोटो. मुलीनं एक व्हिडिओ पाठवला होता, त्यातली मुलगी पांढऱ्या चादरीवर दागिने ठेवून खिडकीशी फोटो काढत होती. मी तसं करून बघितलं. पांढऱ्यावर सोनं पितळेसारखं दिसलं. मग म्हटलं, आपण आपल्या पद्धतीनं करू. मी चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. मशिनवर कातून निघालेले पार्ट शेवटी आमच्या टेबलावर येतात, आम्ही मोजतो, बघतो आणि खोट दिसली तर फोटो काढून गिऱ्हाईक कंपनीला पाठवतो. बावीस वर्षं चकचकीत धातूचे फोटो काढते आहे. नियम ठरलेले आहेत. पार्ट आधी पुसून घ्यायचा. बोटाचा ठसा दिसता कामा नये. चकचकीत वस्तूवर सरळ लाइट मारायचा नाही, नाहीतर फोटोत वस्तू दिसत नाही, लाइटच दिसतो. शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची म्हणजे आकार कळतो. समोरून एक, मागून एक, आणि खोट असेल तिथला एक जवळून.

गॅलरीच्या ग्रिलला मी पोळ्या गुंडाळायचा बटर पेपर चिकटवला. ऊन त्यातून गाळून आलं. दुसऱ्या बाजूला, उजेड परतून पडावा म्हणून, फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला. इस्त्रीच्या टेबलावर बाटलीसारख्या हिरव्या रंगाचा खण अंथरला. त्यावर ठुशी ठेवली आणि ठुशी एकदम ठुशीसारखी दिसली. ठुशी सपाट ठेवली की मेल्यासारखी पडते, म्हणून ती उपड्या तांब्याच्या गळ्याला बांधली. कुड्या बटाट्यात टोचल्या. बोरमाळ लांबवून ठेवली. पट्टी ठेवली, नंबराची चिठ्ठी ठेवली. मुलीनं फोटो बघून विचारलं, आई, हे दागिने आहेत का रिजेक्ट झालेला माल? मी म्हटलं, रिजेक्ट मालाचे फोटो मी याहून चांगले काढते.

ॲप मात्र अडाणी होतं. ते फोटोमागचा रंग आपोआप पुसतं आणि नुसती वस्तू ठेवतं. बोरमाळेतले एकाआड एक मणी त्यानं रंगाबरोबर पुसून टाकले. ठुशीला ते पट्टा समजलं, कमरेचा. कुडीला बटण. प्रत्येक वेळी आपण हातानं दुरुस्त करायचं. गळ्यातलं, कानातलं, हातातलं, अंगठी, घड्याळ असे त्याचे कप्पे होते आणि जे कशातच बसत नाही त्याला ‘इतर’. प्रत्येक वस्तूखाली प्रश्न : रोजचं, ऑफिसचं की समारंभाचं? शेवटचं कधी घातलं?

दहा वाजेपर्यंत माझं सगळं रांगेत झालं होतं. गेल्या वर्षी सोसायटीतल्या प्रदर्शनात घेतलेला काळपट चांदीचा सेटसुद्धा झाला होता, जो मी एकदाही घातलेला नाही आणि ॲपनं तो पहिल्या फटक्यात बरोबर ओळखला. राहिली एक डबी. त्यात दोन मंगळसूत्रं होती, एक लांब, एक रोजचं छोटं. जोडवी होती, नाकातली चमकी होती आणि नथ होती.

मी मुलीला फोन केला, विचारायला नाही, नुसतं सांगायला की आता ही डबी घेते. ती मग अगदी जपून म्हणाली की आई, ॲपमध्ये आर्काइव्ह म्हणून एक जागा आहे, जे आपण आता घालत नाही ते तिथं टाकायचं.

“दिसणार नाही,” ती म्हणाली, “पण राहील.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिला ठाऊक नव्हतं की तिनं माझ्या गेल्या तीन वर्षांचं वर्णन केलं. नवरा गेल्यापासून घरातल्या ज्या कार्याला गेले तिथं मला असंच ठेवलं होतं. दिसणार नाही, पण राहील. बारशाला मी कोठीच्या खोलीत नारळ मोजत होते. नणंदेच्या मुलीच्या हळदीला आचाऱ्याला तेल काढून द्यायला मागे होते. कोणी मला ढकललं नव्हतं. सगळे गोड बोलत होते. तुझ्यासारखं कोठीचं काम कुणाला जमत नाही, म्हणत होते. आणि मी मूर्खासारखी ते खरं मानत होते, कारण मला खरंच जमतं.

मंगळसूत्रं मी आर्काइव्हमध्ये टाकली. त्यात मला काही अडलं नाही. ज्या माणसामुळे ती गळ्यात आली तो माणूस नाही. चाकणच्या शॉपमध्ये, म्हणजे मशिनच्या शेडमध्ये, तशीही ती घालून जाता येत नव्हती. एकोणीस वर्षं मी रोज शिफ्टला जाताना गेटवर मंगळसूत्र काढून ठेवत होते आणि सुटल्यावर घालत होते. नवरा चेष्टा करायचा, रोज आठ तास मी कुणीच नसतो म्हणून. जोडवीही टाकली.

नथीपाशी हात थांबला. नाक मी बाराव्या वर्षी टोचून घेतलं. दापोडीत, रेल्वे लाइनीजवळच्या गल्लीत आमचं घर होतं. आईनं नको म्हटलं होतं, पिकेल म्हणून. मी शाळेतून येताना एकटी सोनाराच्या पेढीवर जाऊन बसले आणि टोचल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. त्यानं शेवटी आईला बोलावून घेतलं आणि आईसमोर टोचलं. तेव्हा नवरा नावाचा माणूस कुठं होता कुणास ठाऊक. नाक माझं त्याच्या आधीपासूनचं. नथ लग्नात सासूबाईंनी दिली, एवढं खरं. आक्कांना त्यांनी पाटल्या दिल्या होत्या, मला नथ. आक्कांच्या नाकाला भोक नव्हतं आणि त्यांना टोचायची भीती वाटायची, म्हणून अशी वाटणी झाली होती.

मी नथीचा फोटो काढला. बटाट्यात टोचून काढला, तर ती बटाट्यात टोचलेली नथ दिसली. खणावर आडवी ठेवली, तर ॲपनं तिचे मोती पुसले आणि नुसती तार ठेवली. मग ते मला म्हणालं की वस्तू ओळखता येत नाही, ‘इतर’मध्ये टाकू का? खाली दुसरा पर्याय होता, अंगावर घालून फोटो काढा.

बरं, म्हटलं. आरशासमोर उभी राहिले, नथीची तार पुसली आणि डाव्या नाकपुडीला लावली. तार आत जाईना. बोटानं चाचपलं. बाहेरून बारीक खळगा होता, आतून काहीच नव्हतं, सपाट. मी नाकाला साबण लावला. खोबरेल लावलं. थोडा जोर केला तर डोळ्यातून पाणी आलं आणि तारेच्या टोकाला रक्ताचा ठिपका. भोक बुजलं होतं.

मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. मला राग आला. कंपनीत एखाद्या पार्टचं ड्रिल राहून गेलं तर आम्ही विचारतो, कुणाच्या शिफ्टला राहिलं? तसा तो राग होता. कुणाच्या हातून हे राहिलं, याचा.

तेवढ्यात बेल वाजली. दारात आक्का. राजगुरुनगरहून सकाळच्या एसटीनं भोसरीला उतरून रिक्षानं आल्या होत्या, एका हातात नव्या बटाट्यांची पिशवी, दुसऱ्यात हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांची पेंडी. आत आल्या, गॅलरीकडे बघितलं आणि आधी दार लावून घेतलं.

“बाई गं, उघड्यावर मांडलंस व्हय सोनं,” त्या म्हणाल्या. “आणि बटाटं कशाला टोचलंस?”

मी ॲपचं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. आक्का शिकलेल्या कमी असल्या तरी डोकं तेज आहे. त्यांनी विचारलं, फोन हरवला तर चोराला घरात काय काय आहे याची यादीच मिळेल की? हे मुलीला आणि मला दोघींना सुचलं नव्हतं. मी फोनला कुलूप आहे म्हणून वेळ मारून नेली. मग त्यांनी हातातल्या पाटल्या पुढे केल्या, माझ्या पण काढ म्हणाल्या. मी काढल्या. पट्टी ठेवली, चिठ्ठी ठेवली. फोटो छान आला आणि त्यांच्या पाटल्या माझ्या कपाटात जमा झाल्या. त्या हसल्या, जिंदगीभर टपून होतीस, आता मिळाल्या बघ.

मी चहा ठेवला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि ज्यासाठी आल्या होत्या ते बोलल्या.

“नथ दे. सुनंच्या नाकात घालू. घरची हाय, घरातल्या सवाशिणीच्या नाकात दिसू दे. तुला आता काय उपयोग तिचा?”

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, कारण तेही खरं आहे. नवरा बारा दिवस दवाखान्यात होता तेव्हा आक्का बाराही दिवस बाहेरच्या बाकड्यावर होत्या. तो गेला त्या दिवशी भावकीतल्या बायका दारात जमल्या होत्या आणि त्यांना जे काही करायचं होतं ते सगळ्यांसमोर करायचं होतं. आक्का मला हाताला धरून न्हाणीघरात घेऊन गेल्या आणि आतून कडी लावली. बांगड्या फोडू दिल्या नाहीत, साबण लावून एकेक उतरवल्या. मंगळसूत्र तोडलं नाही, माझ्या डोक्यावरून काढलं. बाहेरून दार वाजत होतं. सगळ्यात शेवटी चमकी. मी म्हटलं होतं, एवढी राहू द्या. त्या म्हणाल्या, राहू दिली असती, पण बाहेरच्या ऐकायच्या न्हाईत. मी काढून दिली. त्या दिवशी त्यांनी माझ्यावर उपकार केले हे मला माहीत आहे. भोकही त्याच दिवसापासून बुजायला लागलं, हेही मला आता माहीत होतं.

मी म्हटलं, आक्का, घरच्या तर पाटल्याही आहेत. त्याही सुनेच्या हातात घालणार का?

“मी जित्ती हाय अजून,” त्या म्हणाल्या.

“मीही जिवंतच आहे.”

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. गॅलरीतला बटर पेपर वाऱ्यानं फडफडत होता. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्यांचं लक्ष माझ्या नाकाकडे गेलं. लाल झालं होतं. काय केलंस, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठ्यानं नाकपुडी दाबून बघितली, जशी भाजी बघतात.

“बुजलंय की,” त्या म्हणाल्या. “देवानंच बुजवलं म्हणायचं. झालं.”

“देवाचा काही संबंध नाही. तीन वर्षं मी रिकामं ठेवलं म्हणून बुजलं.”

मग मी एका दमात सांगून टाकलं. लग्नाला मी येणार. ही नथ घालून येणार. कोठीत बसणार नाही, आचाऱ्यामागे उभी राहणार नाही. पोराला हळद लावायला माझा हात लागणार. चार वर्षं तो माझ्या हातचं जेवला, तेव्हा माझ्या हाताला काही झालं नव्हतं.

आक्का चिडल्या नाहीत, ते मला जड गेलं. चिडल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्या घाट्यांची पेंडी उचलून मांडीवर घेऊन एकेक घाटा सोलायला लागल्या. मला म्हणाल्या की तू शहरात राहतीस, शिफ्टला जातीस, तुला कोण काय बोलणार? गावात मला राहायचं आहे. मुलीकडची माणसं कशी आहेत ते तुला माहीत नाही. नवरीची आजी दारातला पाटसुद्धा कुठल्या दिशेला आहे ते बघते.

“उद्या त्या पोरीच्या बाबतीत काय बरंवाईट झालं,” त्या म्हणाल्या, “तर बोट माझ्याकडं दाखवतील. तुझ्याकडं न्हाई. म्हणतील, हिनंच जावंला नथ घालून पुढं उभी केली.”

हे खोटं नव्हतं. मला तेव्हा एक सोपी वाट दिसली. म्हणावं, तर मग मी येतच नाही. नवरा गेल्यापासून काही कार्यांना तोच मार्ग मी धरला होता आणि सगळ्यांना तो आवडत होता. रुसले नाही, भांडले नाही, कामाचं कारण सांगितलं, ओव्हरटाइम आहे म्हटलं. नंतर पोरांना पाकीट पाठवलं. सगळे म्हणाले, किती समजूतदार.

मी म्हटलं, बोट दाखवणाऱ्या बाईला माझ्याकडे पाठवा, मी बोलते तिच्याशी. आणि नथ सुनेला घालायचीच असेल तर माझ्या माघारी घाला. माझ्या मुलीला तसं सांगून ठेवीन. पण माझ्या देखत ती माझ्याच नाकात असेल.

“नाकाला भोक न्हाई आणि नथीवर हक्क सांगतीस,” आक्का म्हणाल्या आणि त्यांना स्वतःलाच हसू आलं. पण लगेच त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या की बाई, हळदीला लांबून ये, अक्षता टाकायला पुढे ये, एवढं मी सांभाळून घेते. नथ मात्र घालू नकोस. याहून पुढं मला जमायचं नाही.

मी म्हटलं, तुम्हाला जमवायचं काहीच नाही. तुम्ही फक्त आडव्या येऊ नका.

त्या उठल्या. सोललेले हरभरे ताटलीत ठेवले, पदर झटकला. नथीकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. दाराशी चप्पल घालताना म्हणाल्या की बटाटं नवं हाय, उकडायला लवकर होतं, शिट्ट्या जास्त करू नकोस. मी भोसरीपर्यंत सोडायला येते म्हटलं, तर नको म्हणाल्या, रिक्षा मिळते.

त्या गेल्यावर अकरा वाजून गेले होते. उजेड पिवळा झाला होता, तरी मी नथीचा एक फोटो काढला. यावेळी तळहातावर ठेवून. मोती सगळे आले, हाताच्या रेषाही आल्या, पट्टी ठेवली नाही. मग ॲपमध्ये शोधून काढलं की नवा कप्पा आपल्याला करता येतो. केला. त्याला ‘नथ’ नाव दिलं. पूर्ण कप्प्यात एकच वस्तू. शेवटचं कधी घातलं ते मी कोरं ठेवलं.

दुपारी मुलीचा फोन आला. आक्कांनी तिला रिक्षातूनच फोन केला होता, की तुझी आई काय डोक्यात घेऊन बसली आहे ते बघ जरा. मुलगी मला म्हणाली की आई, चापाची नथ मिळते, भोक लागत नाही, पाच मिनिटांत आणून देते. टोचायचा त्रास या वयात कशाला? आणि आक्कांना पण चालेल कदाचित, ती खोटी असते ना.

मी म्हटलं, म्हणूनच नको.

ती मग म्हणाली, मी येऊ का बरोबर? मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, आई, मला कळतं तू उद्या काय करणार आहेस ते. मी म्हटलं, तू तुझी नोकरी कर, मला धरायला कुणी लागत नाही.

सोमवारी माझी सेकंड शिफ्ट होती, बस दोन वाजता. सकाळी धुणं वाळत घातलं, डबा केला आणि साडेदहाला भोसरीत गेले. ज्या पेढीवर माझं काहीच जुनं नाही अशी पेढी मुद्दाम निवडली. गल्ल्यावरच्या माणसाला म्हटलं, नाक टोचायचं आहे. त्यानं माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, मुलगी कुठाय? मी म्हटलं, मुलगी हिंजवडीला आहे, नाक माझं आहे.

आतल्या म्हाताऱ्या कारागिराकडे त्यानं मला पाठवलं. त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नाकपुडी बघितली. म्हणाला, इथं आधी होतं. जुन्या जागी कातडी घट्ट होते, दुखेल. थोडं वर मारू का? मी म्हटलं, वर मारलं तर नथ ओठावर नीट बसणार नाही. जुन्याच जागी मारा. त्यानं एकदा माझ्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, त्याला जे कळायचं ते कळलं असेल. विचारलं मात्र काही नाही. तार ज्योतीवर धरली, पुसली आणि मला श्वास सोडायला सांगितला.

दुखलं. बाराव्या वर्षी इतकं दुखलं नव्हतं. दोनदा जोर करावा लागला. त्यानं तार वळवून टोक आत दाबलं आणि सांगितलं की दीड महिना तार हलवायची नाही, हळदीचं तेल लावायचं, नथीचं वजन त्याच्या आधी घालायचं नाही. मी मनात आठवडे मोजले. लग्नाला बारा होते.

पेढीच्या पायरीवरूनच आक्कांना फोन लावला. सांगितलं, टोचून घेतलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“बाईमाणसानं एवढं हट्टी असू नये,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, झालं आता. हळदीला मी आदल्या दिवशीच येते, सकाळच्या गाडीनं. खोली माझी कुठली ते सांगून ठेवा. कोठीची किल्ली दुसऱ्या कुणाला तरी द्या.

त्या मग म्हणाल्या की लोकांना मी उत्तर देणार न्हाई, तुझं तूच दे. मी म्हटलं, देईन. त्यावर त्यांनी विचारलं, मीठपाण्यानं शेकलंस का, न्हाईतर पिकंल. आणि माझं उत्तर न ऐकता फोन ठेवला.

दोनच्या बसमध्ये माझ्या लाइनवरच्या दोघीतिघींनी नाक बघितलं. एकीनं विचारलं, काय झालं, लागलं का? मी म्हटलं, टोचलं. कशाला, म्हणाली. मी म्हटलं, पुतण्याचं लग्न आहे, नथ घालायची आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे केलं. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीच्या बाई म्हणाल्या की तार काढावी लागेल, शॉपमध्ये अंगावर धातू चालत नाही. मी म्हटलं, ही दीड महिना निघणार नाही, टेप लावून द्या. त्यांनी फर्स्ट एडच्या डब्यातून पांढरी टेप काढली, दोन तुकडे कापले आणि आडवे लावले. मी कार्ड पंच केलं आणि आत गेले.